कनवाळू डोळा

मी डोळे बनवते. खोटे डोळे. आजारात नाहीतर अपघातात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या खाचेत नीट बसेल आणि दुसऱ्या डोळ्याशी जुळेल असा डोळा मी हाताने घडवते, हाताने रंगवते. एकोणतीस वर्षं झाली. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्यासारखं काम करणारं दुसरं कोणी या भागात नाही. पटत नसेल त्याने माझ्या गिऱ्हाइकांसमोर बसावं आणि खरा डोळा कुठला ते ओळखून दाखवावं. एका बाईच्या जावयाला लग्नानंतर सात वर्षांनी पत्ता लागला, तोही सासूने डोळा धुवायला काढला आणि हा नेमका तेव्हाच मोरीत डोकावला म्हणून. बिचारा तीन दिवस जेवला नाही.

विद्या सासऱ्यांची. नवऱ्याला असलं काही बघवत नाही, त्यामुळे सासऱ्यांनी सुनेला शिकवलं, आणि गेले तेव्हा सगळी अवजारं माझ्या हवाली करून गेले. पुढच्या खोलीत काउंटरवर माझी नणंद बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवते, फोन घेते, आणि उरलेला वेळ माझी खोडी काढते. तिचं म्हणणं, मी सकाळी उठून आधी स्वतःची आरती करते आणि मग चहा घेते.

सासऱ्यांची एक पद्धत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. त्यावर खाचेचं माप, बुबुळाचा रंग, पापणीची ठेवण, आणि सगळ्यांत शेवटी एक चौकोन, ‘नजर’. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या माणसाला ते विचारायचे, यांची नजर कशी होती, एका शब्दात सांगा. करारी, मिस्कील, भेदरट, जे सांगतील ते लिहून घ्यायचे. मला हे कायम थोतांड वाटत आलं. माप घ्यावं, रंग जुळवावा, मोकळं व्हावं. पण कार्डं छापलेली होती, म्हणून मीही विचारायची आणि लिहायची. वाचायची मात्र नाही.

डासकाका आमच्याकडे आले ते दारात वाकून. माणूस इतका उंच आणि आडवा, की कोणी भांडायला आलंय असं वाटून नणंद काउंटरमागे उभीच राहिली. उजव्या डोळ्यावर पट्टी. सोबत बायको, त्यांच्या कोपराला जेमतेम लागणारी, पण बोलायला तीच पुढे.

"हे मुलांच्या दवाखान्यात रक्त काढतात," ती म्हणाली. "डासकाका म्हणतात सगळे. मुलांनीच पाडलंय नाव."

"मी फक्त चावतो," डासकाका म्हणाले. "भुणभुण ही करते."

बायकोने त्यांच्याकडे न बघता त्यांना कोपर मारलं आणि पुढे सांगू लागली. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यात गाठ निघाली, डोळा काढावा लागला. जखम आता पूर्ण भरली होती.

मी स्पष्टच विचारलं, "एका डोळ्याने शीर सापडते का हो?"

त्यांनी माझा हात टेबलावर घेतला, डोळा मिटला, आणि दोन बोटं कोपराच्या खळगीवरून फिरवून एका ठिकाणी थांबवली. "इथे. शीर बोटांना सापडते ताई, डोळ्यांना नाही. डोळ्यांचं काम वेगळं असतं."

ते काम काय, ते बायकोने सांगितलं. त्या दवाखान्यात मुलाचं रक्त काढायला दोन माणसं लागतात. एक सुई टोचणार, दुसरी म्हणजे तिथली मदतनीस मावशी, ती हात आवळून धरणार. आई पाय धरते ते वेगळंच. पण डासकाकांच्या खोलीत एकोणीस वर्षांत मावशीला क्वचितच हाक गेली. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, मुलाला दिसायचे ते फक्त डोळे. मूल त्या डोळ्यांकडे बघायचं आणि आपला हात आपण पुढे करायचं. रडायचं, पण हात ओढायचं नाही. सहा महिने घरी बसून ते नुकतेच कामावर परतले होते, आणि आता पट्टी बघितली की मुलं दारातूनच माघारी पळत होती.

"मोठ्या बाईंनी पंधरा दिवस दिलेत," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. "डोळा बसवून या, पंधरा दिवस खुर्चीवर बसा. किती मुलांना धरावं लागतं ते लिहून ठेवू. पूर्वीसारखं जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर मागच्या खोलीत मशीनवर, ते कायमचंच. नळ्या आत सरकवायच्या आणि कागद बाहेर काढायचा. मशीनकडे मायेने बघून काय उपयोग हो?"

डासकाका आपल्या पंजांकडे बघत बसले होते. त्यांना मुलं नव्हती, हे मला नंतर कळलं.

मी कार्ड भरत गेले आणि शेवटी सवयीने विचारलं, "नजर कशी होती यांची? एका शब्दात."

"कनवाळू," ती लगेच म्हणाली.

नणंद फिस्सकन हसली. "अगं बाई! हा शब्द ऐकून मला तीस वर्षं तरी झाली असतील."

"मला दुसरा नाही येत," बायको म्हणाली. "पहिल्यांदा भेटले, तेव्हा घरी जाऊन आईला हेच सांगितलं मी. माणूस दांडगा आहे, पण डोळे कनवाळू आहेत."

एवढा मोठा गडी, पण कानापर्यंत लाल झाला. मी तो शब्द चौकोनात लिहिला आणि कार्ड बाजूला ठेवलं. कनवाळू हा काही रंग नाही.

कामात मात्र मी कसूर केली नाही. डोळ्यातला मऊपणा बहुतेक पापणीत असतो, हे मला माहीत होतं. पापणी अर्धा मिलिमीटर वर राहिली की माणूस दचकलेला दिसतो, अर्धा खाली आली की झोपाळू. मेणाचा नमुना मी तीनदा मोडून पुन्हा केला. बुबुळ तपकिरी, कडेला किंचित मधाचा रंग. तो रंग मी अकरा पातळ हातांत चढवला. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरांसाठी रेशमाचा धागा उकलून एकेक तंतू लावला. राहिली बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधला काळा ठिपका. खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडात आकसते, अंधारात फैलावते. खोटा डोळा यातलं काहीच करत नाही. म्हणून माणसाचा दिवस ज्या उजेडात जातो, त्या उजेडाच्या हिशेबाने ती एकदाच रंगवायची. दवाखाना म्हणजे लखलखीत उजेड, त्यात विचारायचं काय? तीन मिलिमीटर. माझ्या खिडकीशी बसवून मोजलं तरी त्यांच्या डाव्या डोळ्याचं माप तीनच आलं.

डोळा बसवला त्या दिवशी मी नणंदेला आत बोलावलं आणि विचारलं, खरा कुठला? तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि चुकीच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती अशी फुगली की बस. बायको मात्र नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"छान झालाय," ती शेवटी म्हणाली.

त्या ‘छान’च्या आधी ती जरा थांबली होती. माझ्या लक्षात आलं होतं ते, खोटं का बोलू. पण बायकांना नवऱ्याचं काहीही बदललं की दोन दिवस परकं वाटतं, अगदी मिशी काढली तरी. मी सोडून दिलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी डासकाका एकटेच आले. डोळ्यावर पुन्हा पट्टी. खिशातून एक डबी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली, आत कापसात माझा डोळा.

"हा ठेवा ताई. तुमचं काम फर्स्टक्लास आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही."

"मग?"

"सव्वीस मुलांना धरावं लागलं. मावशींनी तर आपलं स्टूलच आणून ठेवलंय माझ्या खोलीत, सारखी ये-जा कशाला म्हणून." ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "पट्टी होती तेव्हा मुलं दारातूनच ओरडायची. आता आत येतात, माझ्याकडे बघतात, गप्प होतात. आणि मग ओरडतात. ते जास्त लागतं."

मी डबी उघडून डोळा उजेडात धरला. रंग जागच्या जागी, चकाकी जशीच्या तशी. "यात काही दोष दिसत नाही," मी म्हणाले.

"नाहीच आहे. घरी आरशात मीही पाहिलं, अगदी खिडकीत उभं राहून. दोष माझ्यात आलाय." ते खाली बघून बोलत होते. "सहा महिने घरी बसलो आणि फक्त स्वतःचा विचार केला. माझा डोळा, माझं कसं होणार. आता मूल समोर आलं की मनात पहिलं काय येतं सांगू? हे रडणार तर नाही ना, माझी खुर्ची जाणार तर नाही ना. असा माणूस कनवाळू कुठून दिसणार? आत जे काही होतं ते आटलं ताई. ते तुम्ही कसं रंगवणार?"

आता मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मला हायसं वाटलं. डोळा चुकला नव्हता, माणूसच बदलला होता. एकोणतीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं होतं. मी अगदी समजूतदार चेहरा केला आणि म्हणाले, "असेल हो. होतो मनावर परिणाम. काळ जावा लागतो."

त्यांनी मान हलवली, आभार मानले, आणि निघून गेले.

दार लागल्याबरोबर नणंद आत आली. एरवी ती हसतखेळत टोमणे मारते. त्या दिवशी हसली नाही.

"वहिनी, आत्ता काय बोललीस तू त्या माणसाला?"

"काय बोलले? धीर दिला."

"धीर? तो म्हणाला माझ्यातली माया आटली, आणि तू म्हणालीस असेल. तुझा डोळा चांगला ठरावा म्हणून तू त्याला वाईट ठरवून घरी पाठवलंस."

"हे बघ, एकोणतीस वर्षांत माझा एकही—"

"हो, हो, एकोणतीस वर्षं. पाठ झालंय मला. एकदा तरी गेलीस का तो कुठे बसतो ते बघायला?"

मला असा संताप आला! तिच्यावर नाही, म्हणजे तिच्यावरच, पण ती बरोबर बोलत असेल या भीतीने जास्त. "जाते," मी म्हणाले. "उद्या सकाळीच जाते. त्यांच्या खोलीत बसून दाखवते तुला डोळा कसा आहे तो." आणि तिच्याशी त्या दिवशी पुन्हा अक्षर बोलले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी डबी घेऊन मी दवाखान्यात पोचले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर आया आणि पोरं, आणि डोक्यावर ट्यूबा अशा, की जमिनीवर पडलेली सुईसुद्धा दिसावी. मी मनात म्हटलं, बघ, हाच तो लखलखाट. तीन मिलिमीटर म्हणजे तीनच.

मग डासकाकांच्या खोलीचं दार उघडलं.

आत संध्याकाळ असल्यासारखं होतं. तीनपैकी दोन ट्यूबा बंद, तिसरीला बटर पेपर गुंडाळलेला. खिडकीला जाड पडदा. टेबलावर मान वाकवलेला एक छोटा दिवा, त्याचा उजेड फक्त हात ठेवायच्या उशीवर.

"एवढा अंधार का करून ठेवलाय?"

"तान्ह्यांना खाटेवर निजवतात ना, ट्यूब सरळ डोळ्यांत येते त्यांच्या," डासकाका म्हणाले. मी अशी येऊन धडकलेली बघून ते गडबडले होते. "पहिल्यापासून असंच आहे. मला लागतो तेवढा उजेड दिव्याचा मिळतो."

लाज वाटते सांगायला, पण इतकं डोळ्यांसमोर असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी त्यांना बसवलं, डोळा माझ्या हाताने घातला, पापणी नीट केली, आणि मावशीच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसकण मारली. मुलाला जिथून चेहरा दिसतो, साधारण त्याच उंचीवर.

चारेक वर्षांचं एक पोरगं आईच्या मांडीवर येऊन बसलं. डासकाका सुई घेऊन पुढे वाकले. मास्क, टोपी, आणि मध्ये दोन डोळे. डावा डोळा त्या अंधुक उजेडात पूर्ण उमललेला, बाहुली मोठी काळीभोर, भोवती तपकिरी रंगाची बारीक कड तेवढी उरलेली. बघतच राहावं असा डोळा. आणि उजवा? तोच रंग, तीच पापणी, आणि मधोमध एक छोटा, टोकदार ठिपका. एक डोळा मुलाकडे बघत होता. दुसरा त्याच्यावर नेम धरून होता. त्यात हातात सुई.

मीसुद्धा हात ओढून घेतला असता.

पोरगं आधी गप्प झालं, मग किंचाळलं. मावशी उठली, तिने दंड आवळला, आईने पाय धरले, आणि काम उरकलं. पिशवीतून मोजपट्टी काढून मी खुर्चीपाशी गेले. डावी बाहुली पाच मिलिमीटरच्या वर, उजवी तीन. दवाखाना म्हणजे उजेड, असं मी माझ्या खुर्चीत बसून ठरवून टाकलं होतं, आणि एक साधा प्रश्न विचारायची तसदी घेतली नव्हती. आणि नुसतं तेवढंच नाही. तो भला माणूस माझी चूक स्वतःच्या माथी घेऊन गेला, आणि मी ती घेऊ दिली.

"डासकाका," मी म्हणाले, "डोळा चुकलाय. तुम्ही नाही."

मास्कच्या आड ते हसले असावेत. "समजूत काढताय ताई."

"मी समजूत काढणारी बाई वाटते का तुम्हाला? माझ्या नणंदेला विचारा!"

"तसं नाही. पण माझं मला कळतं ना. राहू द्या आता. तीन दिवस उरलेत, मशीन काही वाईट नाही. ते रडत तरी नाही."

"तीन दिवस पुष्कळ झाले," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण एरवी एका डोळ्याला मला आठवडा लागतो. खाचेचा साचा तयार होता, एवढीच जमेची बाजू. घरी येऊन मी नणंदेला सांगितलं, पुढचे तीन दिवस कोणालाही आत सोडू नकोस. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली, आणि पहिल्यांदाच एकही टोमणा न मारता चहा ठेवला. बुबुळाचा रंग मी माझ्या खिडकीतच केला, कारण रंग तिथेच कळतो. बाहुली मात्र तिथे रंगवायची नाही असं ठरवलं. तेराव्या दिवशी दुपारी रंगाची पेटी, भिंग आणि मोजपट्टी घेऊन मी त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. मावशी म्हणाली, "आता इथे अजून किती बायका बसणार?"

बसल्या बसल्या मी मापं घेऊ लागले. खोली रिकामी असली की डासकाकांच्या डाव्या बाहुलीचं माप साडेचार यायचं. मग दार उघडायचं, मूल आत यायचं, अजून दारातच असायचं, आणि बाहुली फैलावायची. साडेपाच. मला वाटलं माझा हात हलला. पुन्हा मोजलं. दिवा तोच, पडदा तोच, आणि दारातून बोळातला उजेड आला तर बाहुली उलट आकसायला हवी. सहा मुलं आली, सहाही वेळा तेच. मूल गेलं की साडेचार, मूल आलं की साडेपाच. आवडीचं कोणी समोर आलं की बाहुली अशी उमलते, आणि ही गोष्ट कोणाला ठरवून करता येत नाही. हात आवरता येतो, तोंड आवरता येतं, बाहुली कोणाचं ऐकत नाही. मी ते आकडे कागदावर लिहिले आणि कागद पदराआड धरून बसले, कारण माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मावशी बघत होती.

त्यांना मात्र सांगितलं नाही. ते पुन्हा म्हणाले असते, समजूत काढताय. बाहुली मी साडेपाचची रंगवली.

पंधराव्या दिवशी सकाळी डोळा तिथेच, त्या खोलीत बसवला. रस्त्यावर फिरताना पहिला घालायचा, खुर्चीवर दुसरा, हे त्यांना दोनदा बजावलं. मोठ्या बाई फाईल घेऊन आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. बाई वाईट नव्हत्या. मला म्हणाल्या, "मला काय हौस आहे का हो त्यांना उठवायची? पण धरलेल्या मुलाच्या दंडावर वळ उठतो. तो मला घरी गेल्यावरही दिसत राहतो."

पहिलाच नंबर एका पाच वर्षांच्या मुलीचा. चौथ्या दिवशी हिलाच मावशीने आणि आईने मिळून धरलं होतं, आणि आता पुन्हा रक्त द्यायचं होतं. बापाच्या पायाला मिठी मारून ती आत आली. मावशी स्टुलावरून अर्धी उठली.

डासकाका तिच्याकडे बघेनात! सुई जुळवत होते, कापूस सारखा करत होते, उशी झटकत होते, पण मान काही वर होईना. मुलं घाबरतात म्हणून या शेवटच्या दिवसांत मूल जवळ आलं की त्यांनी बघायचंच सोडून दिलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, अहो, बघा तिच्याकडे, त्याच्याचसाठी तर एवढा आटापिटा केला!

"कुठला हात देतेस?" ते उशीकडे बघत म्हणाले.

मुलीने हात दिला नाही. बराच वेळ झाला तेव्हा त्यांना वर बघावंच लागलं.

तिने त्यांच्या एका डोळ्यात पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यात. मग पुन्हा पहिल्या.

"दुखेल?" तिने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "थोडं दुखेल."

तिने बापाचा पाय सोडला, खुर्चीवर चढली, आणि डावा हात उशीवर ठेवला. सुई टोचली तेव्हा रडली, चांगली भोकाड पसरून रडली. पण हात तिथेच. मावशी सावकाश खाली बसली.

दुपारपर्यंत एकवीस मुलं झाली. एकाला धरावं लागलं, पण तो स्वतःच्या आईलाही चावत होता, त्यामुळे तो मोजला नाही. मोठ्या बाईंनी फाईल मांडीवर घेतली.

"झालं तर मग. नव्या डोळ्याने पूर्वीसारखं जमतंय, तेव्हा खुर्ची तुमची," त्या म्हणाल्या. पानं चाळताना त्यांचा हात एका पानावर थांबला. "दहाव्या दिवशी मी इथे एक शेरा लिहिला होता. कर्मचाऱ्याचं मुलांशी वागणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही, असा. तो आता..."

"राहू द्या तो," डासकाका हळूच म्हणाले. "बरोबरच आहे. आज डोळ्याने सांभाळून घेतलं, एवढंच."

तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"काय राहू द्या? काय बरोबर आहे?" मी उभी राहिले. "द्या ती फाईल इकडे!"

मोठ्या बाईंनी फाईल चक्क देऊन टाकली. बहुधा घाबरून. मी तो शेरा आडवी रेघ मारून खोडला आणि खाली लिहायला बसले. अक्षर अगदी गचाळ आलं. माझ्या चुकीबद्दल आयुष्यात मी पहिल्यांदाच काही लिहीत होते, सवय कुठली असायला.

‘कर्मचाऱ्याला बसवलेल्या पहिल्या डोळ्याची बाहुली अडीच मिलिमीटरने लहान रंगवली गेली. काम करायची जागा मी बघितली नाही, विचारलीही नाही. मुलं त्या डोळ्याला घाबरली. कर्मचाऱ्याच्या खऱ्या डोळ्याची बाहुली खोली रिकामी असताना साडेचार असते, आणि मूल दारात दिसलं की साडेपाच होते. उजेड कमी झालेला नसतो. सहा मुलांच्या वेळी मोजलं, सहाही वेळा हेच माप आलं. सर्व चूक माझी. माणूस होता तसाच आहे.’

खाली सही केली, तारीख घातली, आणि फाईल मोठ्या बाईंना न देता डासकाकांसमोर धरली.

त्यांनी वाचलं. बोट ठेवून, एकेक ओळ. साडेपाचपाशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मास्क लावलेला होता, त्यामुळे मला फक्त डोळे दिसत होते. एक भरून आला. दुसरा माझा होता, त्याला ते जमत नाही.

"सहाही वेळा?" त्यांनी विचारलं.

"सहाही वेळा."

त्यांनी फाईल मोठ्या बाईंच्या हातात दिली, हात धुतले, पुसले, दिव्याची मान जरा खाली केली, आणि दाराकडे तोंड करून पुढचा नंबर पुकारला.